हाताने रंगवलेले अंतराळयान खेळण्यासारखे का दिसते

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडे १/१००० प्रमाणातले, सुमारे २९ सेंटिमीटर लांबीचे, तबकडीच्या आकाराचा पुढचा भाग असलेले अंतराळयानाचे प्लास्टिक किट आहे. आपण त्यावर ब्रशने बाटलीतल्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले, पॅनेलच्या खाचांमध्ये काळे वॉश (खाचेत आपोआप धावणारा अतिपातळ रंग) सोडले आणि डिकल (पाण्यात भिजवून बसवायची छापील चित्रे) लावायच्या आधी थांबलात, कारण तबकडीवर ब्रशच्या रेघा दिसत आहेत, खाचा शाळेच्या चौकटीच्या वहीसारख्या उठून आल्या आहेत आणि एकूण यान खेळण्यासारखे वाटते आहे. त्यातच एप्रिल संपत आल्यामुळे रंग ब्रशवरच वाळतो. आता सगळा रंग काढून पुन्हा सुरुवात करावी का, आहे त्यावरच काही करता येईल का, आणि शेवटी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे उपकरण) घ्यावाच लागेल का, असे आपण विचारले आहे.

आपला सगळा रोख रेघांवर आहे, परंतु माझ्या मते खरा प्रश्न आकाराचा आहे. वीतभर लांबीची वस्तू पाहणाऱ्याला पावणेतीनशे-तीनशे मीटर लांबीची वाटली पाहिजे, यासाठीच आपण रंग लावतो. ब्रशच्या रेघा, काळ्या खाचा आणि झगझगीत पांढरा या तिन्ही गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या चुका वाटत असल्या, तरी त्या मिळून एकच काम करतात: वस्तूच्या खऱ्या मापाची चहाडी करतात. त्यामुळे उद्या एअरब्रशने रेघा नाहीशा केल्या आणि खाचा काळ्याच ठेवल्या, तर यान गुळगुळीत होईल, पण राहील खेळणेच.

थोडा हिशेब मांडतो. १/१००० प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर. आपल्या किटवरची खाच ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर ती खऱ्या यानावर २० सेंटिमीटर रुंदीची नाली होते, आणि आपण त्या नालीत काळा रंग भरला आहे. ब्रशच्या रेघेची उंची एक दशांश मिलिमीटर धरली, तरी ती तिथे १० सेंटिमीटरचा वरंबा ठरते. हाच हिशेब १/१४४ च्या लढाऊ यानासाठी केला, तर तीच ०.२ मिलिमीटरची खाच तीन सेंटिमीटरपेक्षाही कमी भरते आणि डोळ्याला खपून जाते. म्हणून १/१४४ च्या मॉडेलवर पाहिलेली पद्धत १/१००० वर जशीच्या तशी वापरली की हमखास फसते. आपण ज्या व्हिडिओंवरून शिकलात असे लिहिले आहे, ते बहुतेक मोठ्या प्रमाणातल्या लढाऊ यानांचे असावेत असा माझा अंदाज आहे.

या बाबतीत मला नेहमी ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘एंटरप्राइज’ यानाच्या मूळ चित्रीकरण-मॉडेलचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९६६ ते १९६९ या काळातल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी वापरलेले ते मॉडेल ११ फूट लांबीचे आहे आणि १९७४ पासून अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. त्याच्या तबकडीच्या वरच्या बाजूवर ज्या बारीक रेषा आहेत त्या पेन्सिलीने ओढलेल्या आहेत, आणि त्याही इतक्या फिक्या की जवळ गेल्याशिवाय कळू नयेत. ११ फुटी मॉडेलवर ज्यांना पेन्सिलीची रेघ पुरली, त्यांच्या यानाच्या २९ सेंटिमीटरच्या प्रतिकृतीवर आपण काळी शाई ओततो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप समजते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपण लिहिलेल्या नाहीत. आपला रंग कोणता हे महत्त्वाचे आहे. व्हॅलेहोच्या मॉडेल कलरसारखे पाण्यात मिसळणारे रंग ब्रशसाठीच बनवलेले असतात. तामियाचे ॲक्रिलिक उत्तम असले तरी त्यात अल्कोहोल असल्यामुळे ते ब्रशने लावताना खालचा थर उचलतात आणि त्यांना रिटार्डर, म्हणजे वाळणे लांबवणारा द्रव, लागतोच. हस्तकलेच्या दुकानातल्या ॲक्रिलिक रंगांचा दाणा भरड असतो आणि ते एवढ्या लहान कामाला मी तरी वापरत नाही. वॉश ॲक्रिलिकचे होते की तेलरंगाचे, हेही कळायला हवे, कारण तेलरंगाचे वॉश व्हाइट स्पिरिटने (तेलरंग पातळ करायचे द्रावण) पुष्कळसे मागे घेता येते, ॲक्रिलिकचे वाळल्यावर येत नाही. आणि तिसरे म्हणजे आपण हे काम कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत करता. नागपुरात या तिसऱ्या गोष्टीला इतर दोघींइतकेच वजन आहे.

आता रंग काढायचा की नाही ते पाहू. लहानपणी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दर वर्षी नव्याने रंगवण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असे. मागच्या वर्षीचा रंग न खरवडता मी त्यावरच तेलरंगाचा नवा हात देत असे. पाच-सहा वर्षांत नंदीच्या शिंगांच्या बुडाशी कोरलेल्या कड्या दिसेनाशा झाल्या, नाकपुड्या बुजल्या आणि डोळ्यांचे खोबण सपाट झाले. नंदी तोच होता, पण रंगाने तो आतून भरून आला होता. आपल्या यानाचे तसे झाले आहे का, हे नखाने तपासा. अंगठ्याचे नख पॅनेलच्या खाचेवरून आडवे ओढा. नख अडकत असेल, तर खाच जिवंत आहे आणि रंग काढण्याची गरज नाही. नख सरळ घसरत गेले, किंवा खिडक्यांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, तर मात्र काढलेला बरा.

दोनच हात दिलेले असल्याने आपल्या बाबतीत पहिली शक्यता अधिक वाटते. तसे असेल, तर १५०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) घ्या, त्याचा नखाएवढा तुकडा पाण्यात भिजवून, साबणाचा एक थेंब लावून, फक्त रेघांच्या माथ्यांवरून हलकेच फिरवा. जोर लावू नका. बोटाच्या टोकाने चाचपून पाहत राहा, डोळ्यांपेक्षा बोटाला रेघ आधी कळते. काढायचाच झाला, तर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकसाठी सर्जिकलच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. आधी किटच्या उरलेल्या चौकटीचा तुकडा त्यात तासभर ठेवून प्लास्टिकला काही होत नाही ना हे बघा, पारदर्शक भाग त्यापासून दूर ठेवा, आणि हे काम उघड्या खिडकीपाशी, हातमोजे घालून, स्वयंपाकघराच्या गॅसपासून लांब करा. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर चुकूनही वापरू नका. मी एकदा तो वापरला आहे. एका लहान यानाचे इंजिन रात्रभर थिनरमध्ये ठेवले आणि सकाळी वाटीत चघळलेल्या च्युइंगमसारखा राखाडी गोळा मिळाला.

प्रायमरविषयी, म्हणजे रंगाखाली द्यायच्या अस्तराविषयी, आपण काहीच लिहिलेले नाही, त्यावरून तो दिलेला नसावा असे मी धरतो. ब्रशने काम करणाऱ्याला प्रायमर एअरब्रशवाल्यापेक्षा जास्त लागतो, कारण पातळ रंग नुसत्या प्लास्टिकवर धरत नाही, थेंब थेंब होऊन मागे सरकतो, आणि मग आपण नकळत रंग घट्ट करतो. रेघांचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो. एअरब्रश नको असला तरी राखाडी प्रायमरचा स्प्रे कॅन वापरायला हरकत नाही. त्याला कॉम्प्रेसर लागत नाही आणि गच्चीवर दहा मिनिटांत काम होते. त्याआधी किट भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन घ्या, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा जाईल. आपला पहिला रंग न काढता त्यावरच प्रायमर द्यायचा असेल, तर अगदी धुक्यासारखे दोन हलके हात द्या. एकदम ओला हात दिला तर त्यातले द्रावण खालचा ॲक्रिलिक सुरकुतवते.

स्प्रेसाठी आपल्याकडच्या हवेचे मात्र ऐकावे लागते. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असताना फवारा मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग बारीक रव्यासारखा खरखरीत होतो. त्यावर कितीही नीट ब्रश चालवला तरी तो खरखरीतपणा जात नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी साडेसहाच्या आत उरकावे, आणि नवतपा सुरू असेल तर मी ते नऊ दिवस सोडूनच देतो. पावसाळ्यात याच्या उलट होते. तिथे थांबून कोरडा दिवस धरावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कॅन थंडीने मंद पडतो, तेव्हा तो पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा करावा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला चालेल इतकेच. गरम पाण्यात कॅन ठेवणे धोक्याचे आहे.

आता मुख्य काम. रंग किती पातळ असावा याचे उत्तर मी ‘दुधासारखा’ असे देत असे, पण त्यावर कोणी म्हशीचे दूध समजले आणि कोणी गाईचे, म्हणून आता सविस्तर सांगतो. मॉडेल कलरच्या दोन थेंबांना एक थेंब पाणी आणि काडीच्या टोकावर राहील इतका रिटार्डर, ही माझी हिवाळ्यातली सुरुवात असते. उन्हाळ्यात पाणी अर्ध्या थेंबाने आणि रिटार्डर किंचित वाढवतो. मग ब्रश टिश्यूवर टेकवून जास्तीचा रंग काढायचा आणि आपल्या अंगठ्याच्या नखावर एक पट्टा ओढायचा. पट्ट्याखालून नखाचा गुलाबी रंग दिसला पाहिजे, पण पट्ट्याच्या कडेला रंग साचून रेघ उमटता कामा नये. पहिला हात दिल्यावर यान डागाळलेले, अर्धवट आणि निराशाजनक दिसेल. तसेच दिसले पाहिजे. दोन हातांत झाकण्याचा मोह झाला की रंग घट्ट होतो. मी पाच हात देतो, कधी सहा. पातळ सहा हातांची एकूण जाडी घट्ट दोन हातांपेक्षा कमीच भरते.

पाणी बॅटरीचे वापरा. पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात जी डिस्टिल्ड पाण्याची बाटली मिळते तीच. बोअरच्या पाण्यातले क्षार गडद रंगावर आणि डिकलच्या कडेने पांढरट वर्तुळ सोडतात, आणि ते वार्निशखाली अडकले की कायमचे.

रंग ब्रशवर वाळतो, या तक्रारीवर दोन उपाय आहेत. पहिला ओल्या पॅलेटचा. जुन्या टिफिनचा चपटा डबा घ्यावा, तळाशी भिजवलेल्या टिश्यूच्या तीन-चार घड्या आणि वर बेकिंगसाठी मिळणारा बटर पेपर अंथरावा. मेणाचा कागद चालत नाही, कारण त्यातून ओल वर येत नाही. या कागदावर मिसळलेला रंग झाकण लावून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. दुसरा उपाय आपल्या घरातच आहे, आणि तो म्हणजे कूलर. बाहेरच्या कोरड्या हवेत जो रंग दोन मिनिटांत ताणला जातो, तो कूलरच्या खोलीत निवांत पसरतो. फक्त झोताच्या रेषेत बसू नका. झोतामुळे रंग उलट लवकर वाळतो, आणि कूलरच्या गवताचा एखादा तंतू नेमका ओल्या तबकडीवर येऊन बसतो.

मोठ्या पृष्ठभागासाठी आठ ते दहा मिलिमीटर रुंदीचा, मऊ सिंथेटिक केसांचा चपटा ब्रश घ्या. लहान मॉडेल म्हणून लहान ब्रश, हा समज सोडून द्यावा लागेल. लहान ब्रशने मोठी जागा भरताना जितक्या वेळा ब्रश उचलाल तितके जोड पडतील. तबकडीवर हात मध्यापासून कडेकडे, छत्रीच्या काड्यांसारखा चालवा. गोल फिरवू नका. काड्यांच्या दिशेने राहिलेली एखादी पुसट रेघ डोळा रचनेचा भाग समजतो, गोल रेघेला मात्र तो लगेच ब्रशची रेघ म्हणून ओळखतो. इंजिनाच्या नळकांड्यांवर आणि मधल्या भागावर लांबीच्या दिशेने. एकदा फिरवलेल्या जागेवर ती ओलसर असताना परत जाऊ नका, चूक दिसली तरी. पुढच्या हातात ती निघते. परत गेलात तर अर्धवट वाळलेली साय फाटते आणि तो ओरखडा पाचही हातांतून दिसत राहतो. दोन हातांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. रंग वरून दोन मिनिटांत कोरडा लागला तरी खालून कच्चा असतो.

बारीक कामाविषयी मला जे काही येते, ते मी नागपुरातल्या महाल भागातल्या चितारओळीत उभा राहून शिकलो. गणपतीच्या आधीच्या दिवसांत तिथे मूर्तीचे डोळे आखणारे कारागीर पाहावेत. ते ब्रश रंगात बुडवतात, डाव्या अंगठ्याच्या नखावर त्याचे टोक फिरवून घेतात, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतात, श्वास अर्धा सोडून थांबतात आणि पापणीची रेघ एका हालचालीत, खांद्यापासून ओढतात. बोटे जागची हलत नाहीत. आणि त्यांच्या हातातला ब्रश मी समजत होतो तितका बारीक नसतो. त्याचे पोट जाड असते आणि टोक सुईसारखे. पोटात रंग साठतो म्हणून रेघ मध्येच कोरडी पडत नाही. तेव्हापासून मी शून्यशून्यशून्य नंबरचे ब्रश कपाटात ठेवून दिले आहेत. चांगल्या टोकाचा एक नंबरचा गोल ब्रश आणि टेकवलेली करंगळी एवढ्यावर माझे सगळे बारीक काम चालते.

पांढऱ्याविषयी एवढेच, की शुद्ध पांढरा वापरू नका. तो नीट झाकत नाही, म्हणजे रेघा जास्त दाखवतो, शिवाय त्याहून उजळ छटा द्यायला जागा उरत नाही. फिकट राखाडीत चिमूटभर पिवळसर छटा मिसळून घ्या. टेबलावर ते पांढरेच दिसेल. मग त्याच मिश्रणाच्या दोन-तीन छटा करा, एकीत राखाडीचा एक थेंब जास्त, एकीत थोडी निळसर झाक, आणि मास्किंग टेपने कडा झाकून मोजक्या पॅनेलांवर त्यांचा एकेक अतिपातळ हात द्या. किती फरक ठेवावा याची माझी कसोटी मोबाइलची आहे. मॉडेल हातभर अंतरावर धरून कृष्णधवल फोटो काढा. फोटोत पॅनेल चटकन मोजता आली, तर फरक जास्त झाला आहे. शोधावी लागली, तर बरोबर आहे. आपल्या यानाला सध्या नसलेला मोठेपणा मुख्यतः या पायरीतून येतो, आणि ती ब्रशने एअरब्रशपेक्षाही सोपी जाते, असे माझे मत आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो चुकीचा नाही. दूरच्या वस्तू फिक्या दिसतात त्या मधल्या हवेमुळे. अंतराळात हवाच नाही, तिथे सावल्या कोळशासारख्या काळ्या आणि उजेड प्रखर असतो, मग यान फिके का रंगवायचे? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु आपले यान अंतराळात नसते, बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली शोकेसमध्ये असते, आणि पाहणाऱ्याचा डोळा आयुष्यभर हवेतूनच मोठ्या वस्तू पाहत आलेला असतो. त्या डोळ्याला पटेल असे रंगवायचे, की शास्त्राला पटेल असे, हे ज्याने त्याने ठरवावे. मी डोळ्याच्या बाजूने आहे.

खाचांसाठी मी दोन मार्ग वापरतो. खाच उथळ असेल तर ०.३ मिलिमीटर शिशाची यांत्रिक पेन्सिल, एचबी किंवा त्याहून कठीण, खाचेतून एकदाच फिरवायची आणि ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्यायची. खाच खोल असेल तर आधी चकचकीत वार्निशचा हात देऊन, तो पूर्ण वाळल्यावर, चित्रकलेच्या दुकानातल्या नळीतला तेलरंग गंधहीन व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशच्या टोकाने खाचेला नुसता स्पर्श करायचा, म्हणजे तो आपोआप धावतो. रंग काळा नको. मूळ रंगापेक्षा दोन पायऱ्या गडद राखाडी पुरे. न चिकटवता दाबून बसवण्याच्या किटवर हे द्रावण उघड्या प्लास्टिकला लागू देऊ नका. सांध्यांवर ताण असतो, द्रावण तिथे शिरले की प्लास्टिक तडकते, आणि तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. आपल्या काळ्या खाचांवर उपाय विचाराल, तर मूळ रंग पाण्यात एकास पाच पातळ करून फक्त खाचांवरून तीन-चार वेळा ओढा. काळा पुसला जाणार नाही, पण राखाडी होईल, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

खिडक्यांबाबत मोह आवरा. शेकडो खिडक्या आहेत म्हणून सगळ्या पिवळ्या करू नका. कोणत्याही इमारतीकडे रात्री पाहिले तर निम्म्याहून जास्त खिडक्या अंधाऱ्या असतात. मी साधारण तीनातली एक उजळ ठेवतो, तीही साईच्या रंगाची, आणि बाकीच्या गडद राखाडी. टोक बोथट केलेल्या टूथपिकने ठिपका देतो.

झीज आणि ओरखडे यांच्या बाबतीत पुन्हा पहिल्याच हिशेबाकडे या. स्पंजाने उडवलेला एक मिलिमीटरचा चंदेरी डाग म्हणजे खऱ्या यानावर मीटरभर रंग उडालेला. एरवीचा हातभर ओरखडा तीनशे मीटरच्या जहाजावर दिसणारही नाही. इंजिनाच्या तोंडाशी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली तरी पुरे.

डिकल चकचकीत पृष्ठभागावरच लावा. मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसू लागतो. कोमट बॅटरीच्या पाण्यात भिजवून, खाली सेटिंग द्रव (डिकल पृष्ठभागाला घट्ट बसवणारा) लावून बसवा आणि एक रात्र हात लावू नका. मग शेवटचा मॅट वार्निश. इथे माझी एक चूक सांगून ठेवतो. एकदा दोन महिने खपून पूर्ण केलेल्या यानावर मी जुलैतल्या एका संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबला असताना, गच्चीवर मॅट स्प्रे मारला. पंधरा मिनिटांत सगळे यान पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे झाले. हवेतली ओल वार्निशमध्ये अडकली होती. पुढच्या कोरड्या दिवशी वरून चकचकीत वार्निशचा हात दिल्यावर पुष्कळसा पांढरेपणा गेला, पण खाचांमधला राहिला. म्हणून आता पावसाळ्यात मी मॅट वार्निश ब्रशनेच, पातळ दोन हातांत देतो, आणि बाटली आधी चांगली मिनिटभर हलवतो, कारण चमक मारणारी पूड तळाशी बसलेली असते. कूलरची खोली रंगाला चांगली, पण स्प्रे वार्निशला नाही, कारण ओल तिथेही असते.

म्हणजे आपल्यापुरता क्रम असा होतो: नखाने तपासणी, रेघांवर वॉटर पेपर, धुणे, सकाळी लवकर प्रायमर, फिकट राखाडीचे पाच हात, पॅनेलांच्या छटा, चकचकीत वार्निश, डिकल, फिक्या खाचा, मॅट वार्निश. डिकल खाचांच्या आधी, म्हणजे खाचेची रेघ डिकलवरूनही अखंड जाते. हे सगळे आधी तबकडीच्या खालच्या बाजूला करून पाहा. शोकेसमध्ये ती कोणाला दिसत नाही, आणि हात बसायला तेवढी जागा पुरते.

राहिला एअरब्रश. लांब पृष्ठभागावर सावकाश विरत जाणारी छटा हवी असेल, किंवा एकाच रंगाची पाच-सहा याने एकदम करायची असतील, तर त्याला पर्याय नाही, आणि माझ्याकडेही एक आहे. परंतु दर वेळी तो सुटा करून धुण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात ब्रशने तबकडीचा एक पूर्ण हात होतो, आणि २९ सेंटिमीटरच्या एका यानासाठी मी तो कपाटातून काढत नाही. आपण आधी या यानाचे पाच हात पूर्ण करा. त्यानंतरही रेघा राहिल्या, तर रंगाचे आणि पाण्याचे थेंब मोजून मला कळवा. बहुधा दोष तिथेच सापडेल.